मंजुळा तळेगावकर या नावाने

चिंचवड स्टेशनापलीकडच्या माळावर प्रसन्नवदन नाटक मंडळीचा तंबू पडला, ती गोष्ट १९५५ सालच्या फेब्रुवारीतली. कौशल्या तेव्हा सतरा वर्षांची होती. तिचे वडील ज्योतीराम सुतार फलटणकडून पिंपरीला आले होते, औषधांच्या कारखान्याच्या बांधकामावर. कारखाना उभा राहिला, दारं-खिडक्या बसल्या, तशी सुतारांची गरज सरली. चिंचवड गावात नदीकडच्या आळीत दोन खोल्या घेऊन ज्योतीराम मिळेल ते काम करत होते. मंडळीच्या रंगमंचाच्या फळ्या कुजल्या होत्या. मालक बबनराव सुतार शोधत गावात आले आणि त्यांना घेऊन गेले.

दुपारची भाकरी घेऊन कौशल्या माळावर जायची. वडिलांचं जेवण होईपर्यंत तालीम बघत बसायची. नाटक घरगुती होतं. खोट्या आळापायी घराबाहेर काढलेली थोरली सून कितीतरी वर्षांनी त्याच दारात येते आणि सासूला सांगते, "आई, दार लोटू नका. मी आत येत नाही. नुसती उभी राहते." लोक त्याला थोरलीचा खेळ म्हणायचे. तालमीत थोरलीचं काम करायला मात्र कोणी नव्हतं. एक मिशीवाला नट कागद धरून तिची भाषणं वाचायचा. चौथ्या दिवशी त्याची ओळ चुकली आणि खाली फळ्यांच्या ढिगावर बसलेल्या कौशल्याच्या तोंडून ती नकळत बाहेर पडली.

सगळ्यांनी वळून बघितलं.

"पुढचं येतं?" बबनरावांनी विचारलं.

तिला पुढचंच काय, मागचंही येत होतं. सगळा प्रवेश तिनं जागेवर बसून म्हटला. बबनराव तिच्या तोंडाकडे बघत नव्हते, तिच्या खांद्यांकडे, उंचीकडे बघत होते. "वर ये. वळ. मान खाली घाल. आता बोल." मग त्यांनी सासूचं काम करणाऱ्या सुभद्राबाईंना विचारलं, "काय वाटतं?"

सुभद्राबाई मंडळीतल्या सर्वांत जुन्या नटी. त्या उठल्या आणि रंगपटात निघून गेल्या.

संध्याकाळी बबनराव ज्योतीरामांच्या खोलीवर आले. मंडळीची मुख्य नटी मंजुळा तळेगावकर आजारी पडून नातलगांकडे गेली आहे, म्हणाले. जत्रांचे खेळ तिच्या नावावर ठरलेत, उन्हाळ्यापर्यंतचे बोर्ड तिच्या नावाने रंगलेत. "पोरीनं तेवढे दिवस तिच्या नावानं उभं राहावं. गावोगावच्या लोकांनी मंजुळाला एकदा-दोनदा पाहिलेलं, तेही रंग लावलेलं. कुणाला कळतंय?"

कौशल्याची आई चुलीपुढून म्हणाली, "नाटकात गेलेली पोरगी कुनाच्या घरात नांदत न्हाई."

"नांदायला सगळ्याच जातात," ज्योतीराम म्हणाले. माळावर बोलताना लेकीचा चेहरा कसा झाला होता ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी एकच अट घातली. मंडळीचा सुतार म्हणून आपणही बरोबर येणार. बबनरावांनी ती तिथल्या तिथे मान्य केली.

पुढचे पंधरा दिवस सुभद्राबाईंनी तिला तयार केलं. भाषणं तिला येतच होती. शिकायची होती ती मंजुळा. "इथे ती पदर डाव्या हातानं सावरायची. हे वाक्य मोठ्यानं म्हणू नकोस, ती गिळून बोलायची, तरी शेवटच्या रांगेपर्यंत जायचं. दारात उभी राहायची ती एका पायावर भार देऊन, लांबून चालत आल्यासारखी." मंजुळाची चोळी खांद्यात थोडी आत घेतली की कौशल्याला बरोबर बसायची. ट्रंकेत तिची फणी होती, फणीत केस अडकलेले होते. कौशल्यानं ते काढून टाकायला हात घातला तर सुभद्राबाईंनी फणी तिच्या हातून घेतली आणि दुसरी दिली.

पहिला खेळ तळवड्याच्या जत्रेत झाला. कौशल्या दारात येऊन उभी राहिली आणि समोरची हजारभर माणसं गप्प झाली. ती शांतता आपण केली हे तिला कळलं, आणि त्या घडीपासून घर, आळी, लग्न हे सगळं दूर गेल्यासारखं झालं. खेळ संपल्यावर बायका कनातीपाशी आल्या, "मंजुळाबाई, मंजुळाबाई" करत. तिनं नमस्कार केला. पुढे केव्हातरी ही हकीकत मला सांगताना कौशल्याबाई पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या, तरी म्हणाल्या, "खोटं कशाला बोलू? लई गोड वाटलं मला."

उन्हाळा आला, संपला. मंजुळा परतली नाही. पावसाळ्यात मंडळी विखुरली, दसऱ्याला पुन्हा जमली, आणि बोर्डावर नाव तेच राहिलं. एकदा तालमीत कौशल्या सहज म्हणाली, "मंजुळाबाई बऱ्या होऊन आल्या की मला दुसरं काम द्याल ना?" पेटीवर सोनबा होता. त्याचा भाता अर्ध्यात थांबला. बबनराव म्हणाले, "बघू," आणि सोनबाला दरडावलं, "वाजव रे."

तेव्हा तिला शंका यायला हवी होती. आली नाही, किंवा तिनं येऊ दिली नाही.

चिंचवडला घरी गेली की आईची हाक तिला पहिल्यांदा ऐकू येत नसे. "कौशे, ए कौशे!" आई दोन-तीनदा ओरडायची. बाजारात मात्र कुणी "मंजुळा" म्हणून आपल्या पोरीला बोलावलं की तिची मान वळायची.

१९५६ च्या मार्गशीर्षात मंडळी खेडला होती. सकाळी सुभद्राबाई हातात झाकलेली ताटली घेऊन भीमेकडे निघाल्या. कौशल्या कपडे धुवायला म्हणून मागोमाग गेली. घाटाच्या खालच्या अंगाला, जिथे कोणी कपडे धूत नाही, तिथे एका दगडावर सुभद्राबाईंनी दहीभात ठेवला आणि मागे सरून कावळ्याची वाट बघत उभ्या राहिल्या. बराच वेळ कावळा शिवला नाही. वळल्या तर पाठीमागे कौशल्या.

"कुणाचं पान?" कौशल्यानं विचारलं.

सुभद्राबाई तिथेच दगडावर बसल्या. "आज दोन वर्षं झाली," म्हणाल्या. "आठ दिवस ताप होता. डॉक्टर म्हणाला, उठू देऊ नका. बबनराव म्हणाले, तीनच खेळ उरलेत. तिनं तिन्ही केले. तिसऱ्याला दारात उभी राहिली ती चौकटीला धरून. लोकांना वाटलं काय काम करते बाई! दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. इथे जाळली. सोनबानं अग्नी दिला."

"आणि तिच्या घरचे?"

"आई आहे तळेगावला. काचेच्या कारखान्यात कंदिलाच्या काचा पेंढ्यात बांधते. तिला कळवलं नाही. कळवलं असतं तर बोर्ड उतरवावे लागले असते."

कौशल्या घाटावरून थेट वडिलांकडे गेली. ज्योतीराम रंधा मारत होते. "दादा, तुम्हाला ठाऊक होतं?"

रंधा थांबला. "पहिल्या सालीच समजलं," ते म्हणाले. "तू रंगली होतीस. सांगायचं जिवावर आलं."

त्या संध्याकाळी तिनं खेळ केला. दारात उभी राहिली, तोंड उघडलं, आणि तिच्या शब्दाच्या अर्धा श्वास आधी तोच शब्द कुणीतरी बोललं. मागे विंगेत प्रॉम्प्टर असेल असं वाटलं. पण प्रॉम्प्टर दुसऱ्या बाजूला होता आणि विडी ओढत होता. पुढच्या वाक्यालाही तसंच झालं. आधी ती, मग ही. गिळलेला, हलका, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा आवाज. कौशल्याला भीती वाटली ती त्या आवाजाची नव्हे. तो आवाज पुढे असला की आपलं काम फार चांगलं होतं, याची वाटली. तिला काही करावंच लागत नव्हतं. नुसतं मागून जायचं.

मंडळी सोडून ती घरी येऊ शकली असती. ती आली नाही. आणखी दोन महिने तिनं ते नाव लावलं, ती चोळी घातली. "मला ठाऊक नव्हतं तोवरचं पाप बबनरावांचं," त्या म्हणायच्या. "पुढच्या दोन महिन्यांचं माझं."

माघात तंबू चाकणला पडला, किल्ल्याच्या तटाखालच्या मोकळ्या जागेत. कांद्याचे दिवस, बाजार भरलेला, गावोगावच्या गाड्या सुटलेल्या. तिथे बबनराव दुपारी तीनला खास बायकांसाठी खेळ लावायचे. उन्हात कनात पांढरीफेक दिसायची आणि आत बायका-पोरांचा असा गजबजाट, की पहिला अंक अर्धा ऐकूच येत नसे. शेवटच्या प्रवेशाला मात्र सगळ्या गप्प व्हायच्या.

खेळ संपून कौशल्या रंगपटात येऊन बसली होती. तोंडावरचा रंग अजून पुसला नव्हता. मागच्या कनातीवर उन्हामुळे एक सावली पडली. बाई होती, ठेंगणी, डोक्यावर पदर.

"मंजे," सावली म्हणाली.

कौशल्याच्या हातातला फडका तसाच राहिला.

"मंजे, मी हाय. नाटकात गेलीस तवा तुजं तोंड बगनार न्हाई म्हनाले हुते, म्हनून हितनंच बोलते. आज खेळ बगितला. रंग लावलेलं तोंड काय तोंड न्हवं, तवा शपथ मोडली न्हाई." सावली कनातीच्या आणखी जवळ आली. "गप का गं? अजून राग हाय व्हय?"

रंगपटात सुभद्राबाई होत्या. त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता. त्यांनी मान हलवली. हो की नको, ते कौशल्याला कळलं नाही. आणि मग तो आवाज आला, अर्धा श्वास आधी, आणि त्याच्या मागून ती बोलली, मंजुळाच्या गळ्यानं, गिळून.

"आई."

पलीकडे सावली हलेना. बाहेर कुणीतरी बैल जुंपत होतं, घुंगरं वाजत होती. बऱ्याच वेळानं कनातीखालून एक हात आत आला, काळाभोर, बोटांना कापल्याच्या जुन्या खुणा, आणि त्यात फडक्यात बांधलेले भोपळ्याचे घारगे.

"येत्या पुनवंला घरला ये," सावली म्हणाली. "पुरन घालते. आता मोडली शपथ. समद्यांम्होरं तुजं तोंड बगीन."

हात मागे गेला. सावली गेली. कौशल्यानं त्या फडक्याची गाठ सोडली नाही की घारग्याला तोंड लावलं नाही. तसंच उचलून मंजुळाच्या ट्रंकेत ठेवलं.

बबनरावांना तिनं सांगितलं, त्या बाईला खरं कळवा. बबनराव वाईट माणूस होते असं कौशल्याबाई कधी म्हणाल्या नाहीत. भित्रे होते, म्हणायच्या. तीस माणसं त्यांच्या तंबूवर जेवत होती आणि ती सगळी एका मेलेल्या बाईच्या नावावर उभी होती. "एवढा हंगाम जाऊ दे," ते म्हणाले. "हवं तर पुनवेला जा, लांबून तोंड दाखव, दोन घास खा. म्हातारी सुखात राहील. खोटं ते काय? तू मंजुळाच तर आहेस."

ते शेवटचं वाक्य ऐकून ती उठली.

पौर्णिमेच्या सकाळी कौशल्या एकटीच तळेगावच्या गाडीत बसली. ज्योतीरामांनी बरोबर येतो म्हटलं, तिनं नको म्हटलं. तोंडाला पावडरसुद्धा लावली नव्हती. साधं नऊवारी, तिचं स्वतःचं. कारखान्याच्या मागच्या आळीत मंजुळाबाईंच्या आईचं घर विचारल्यावर "काचेवाली आक्का व्हय?" म्हणत एका पोरीनं दाखवलं. दार उघडंच होतं. आत पुरणाचा वास. चुलीपुढे बसलेली बाई वळून बघते तर एक अनोळखी मुलगी.

"कोन गं बाय?"

कौशल्यानं येताना वाक्य पाठ केलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना. "चाकणला कनातीआड मी होते," ती म्हणाली. "मंजुळाबाई नव्हत्या."

आक्काबाईंनी पुरणाचं पातेलं चुलीवरून खाली उतरवलं. हात पदराला पुसले. "मंग मंजी कुठं हाय?"

"त्या वारल्या. दोन वर्षांपूर्वी, मार्गशीर्षात. खेडला. ताप होता."

"दोन वर्सं." आक्काबाई ते शब्द जोखत असल्यासारख्या म्हणाल्या. "मला लिवता-वाचता येत न्हाई. पर तिच्या नावाची अक्षरं कशी दिसत्यात, ते मी एका पोराकडनं पाठ करून घेतलं हुतं. कुठं बाजारला गेले, बोर्ड दिसला, की बगायची. नवा रंग दिसला की म्हनायची, हाय. बरी हाय." मग एकदम विचारलं, "अग्नी कोनी दिला?"

"पेटीवाल्या सोनबांनी."

"मानूस बरा हाय का?"

"बरा आहे."

"जा तू आता," आक्काबाई म्हणाल्या.

कौशल्या बाहेर पडली, पण आळी सोडून तिला जाता येईना. पायरीवरच बसून राहिली. आतून रडण्याचा आवाज येईल असं वाटत होतं, तो आला नाही. कारखान्याचा भोंगा झाला, बाया डबे घेऊन समोरून गेल्या, दोघी-तिघींनी "आक्का हाय का?" विचारलं. "हाय," कौशल्या म्हणाली. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, सगळीच या बाईला आक्का म्हणतात. शेजारणीला तिनं विचारलं, "मंजुळाबाई आईला काय म्हणायच्या?"

"आक्काच की. सगळ्या आळीची आक्का, तिचीबी आक्का."

उन्हं कलायच्या बेताला आक्काबाई दारात आल्या. डोळे कोरडे होते, पण चेहरा एका दिवसात आत गेला होता.

"गेली न्हाईस? बरं झालं. आत ये. ती काय काम करायची, ते मला दाव. तिच्यासारखंच करतीस न्हवं? मी एकच डाव बगितलं, आन ते तुजंच."

कौशल्यानं चुलीच्या उजेडात, चार हात जागेत, थोरलीचा शेवटचा प्रवेश केला. आवाज आधी आला, ती मागून गेली. आक्काबाई भिंतीला टेकून बघत होत्या. मध्येच त्यांनी हात वर केला.

"थांब. ते उबं ऱ्हायलीस, येका पायावर. ते तिचंच. लहानपनी काटा मोडल्याला त्या पायात, तवापासनं तशीच उबी ऱ्हायची. पुन्यांदा कर." कौशल्यानं केलं. "आन ह्यो हात? असा छातीवर न्हेतीस त्यो? ह्यो तिचा न्हाई. ती असं कदी करायची न्हाई. ह्यो कुनाचा?"

कौशल्यानं तो हात पुन्हा करून बघितला. सुभद्राबाईंनी तो हात शिकवला नव्हता. "माझा असेल," ती म्हणाली.

"मंग त्यो तू ठिव. म्होरं."

अंधारून येईपर्यंत दोघी ते करत होत्या. एकेक वाक्य, एकेक वळण. "ह्ये तिचं." "ह्ये न्हाई." मान तुकवणं तिचं. रडताना ओठ दाबणं तिचं नाही, ती तर भोकाड पसरायची, आक्काबाई म्हणाल्या, आणि तेवढ्यापुरत्या हसल्या. दोन वर्षं कौशल्याला वाटत होतं, दारात उभं राहते ती सगळी मंजुळा, आपण नुसती चोळी. आता निवडायला बसलं तर निम्म्याहून जास्त तिचं स्वतःचं निघालं. हे कळल्यावर तिला आनंद व्हायला हवा होता. तिला चोरी पकडल्यासारखं वाटलं. शेवटी आक्काबाईंनी पुरणपोळी वाढली. मंजुळाचं पान आधी बाजूला काढलं, मग हिचं.

चार दिवसांनी सुभद्राबाई दोघींना घेऊन खेडला गेल्या. भीमेच्या त्या खालच्या अंगाला आक्काबाईंनी काहीच विधी केला नाही. त्या फक्त वाळूत बसल्या आणि तळव्यानं वाळू सारखी करत राहिल्या, जशी अंथरुणावरची चादर सारखी करतात. सुभद्राबाई पाया पडायला वाकल्या तर आक्काबाई म्हणाल्या, "तू तिला शिकवलंस न्हवं? मंग माज्या पाया नको पडू. बस हितं."

चाकणचा मुक्काम संपायला बायकांचा एक खेळ उरला होता. दुसरी घंटा झाल्यावर कौशल्या दर्शनी पडद्याच्या बाहेर आली. तिला ते कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनंही कुणाला सांगितलं नव्हतं. विंगेतून बबनराव दबक्या आवाजात "आत ये, आत ये" करत होते.

"बायांनो," ती म्हणाली, "बोर्डावर नाव आहे मंजुळा तळेगावकर. त्या आता नाहीत. दोन वर्षांपूर्वी तापानं गेल्या. त्यांच्या नावानं तुमच्यापुढं उभी राहिले ती मी. माझं नाव कौशल्या. माझे वडील ज्योतीराम सुतार या फळ्या ठोकतात. ज्यांना मंजुळाबाईंनाच बघायचंय त्यांनी उठावं. मी रागावणार नाही."

तंबूत एक मूल रडत होतं, तेवढाच आवाज. मग पुढच्या रांगेतली एक बाई उठली. तिच्यामागे आणखी दहा-बारा. एकजण मोठ्यानं म्हणाली, "मेलेलीचं नाव लावून नाचतेस, लाज न्हाई वाटली?" कौशल्या तशीच उभी राहिली. मध्यावर बसलेल्या एका म्हातारीनं डोळ्याला पदर लावला आणि शेजारणीला विचारलं, "कंची गं मेली? दारात उबी ऱ्हायची ती?" बायका जात होत्या, काही परत बसत होत्या. अर्धा तंबू उरला.

तिसरी घंटा झाली. खेळ झाला. शेवटच्या प्रवेशाला ती दारात आली, तोंड उघडण्याआधी थांबली, वाट बघितली. आधी कोणी बोललं नाही. विंगेतला प्रॉम्प्टर तिला वाक्य विसरली समजून कुजबुजायला लागला. तिनं हातानं त्याला गप्प केलं आणि आपल्या आवाजात बोलली. तो आवाज जाड होता, थोडा घोगरा. शेवटच्या रांगेपर्यंत गेला की नाही, तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी बबनरावांनी तिला ठेवणार नाही म्हणून सांगितलं. ज्योतीराम तिथेच हत्यारं पेटीत भरायला लागले. बबनराव म्हणाले, "सुतार, तुम्हाला कुठे जा म्हटलं?" ज्योतीराम म्हणाले, "पोरीला सांगायचं एकदा जिवावर आलं होतं. आता तिच्यासंगं चालायचं तरी जिवावर येऊ नये." सुभद्राबाईंनी ट्रंक उघडून मंजुळाची फणी कौशल्याच्या हातात दिली, तळेगावला पोचवायला.

घरी आईनं तिला दोन महिने अंगणाबाहेर जाऊ दिलं नाही. एक-दोन स्थळं आली, नाटकातली म्हणून परत गेली. मग त्याच वर्षी, १९५७ च्या गणपतीत, पिंपरीच्या वसाहतीतल्या हौशी मंडळाला नाटकासाठी नायिका हवी होती. पुण्याहून नटी बोलवायची तर तिच्या वेळेप्रमाणे तालीम धरावी लागे. मंडळाचे यशवंतराव नावाचे कारकून ज्योतीरामांना बांधकामापासून ओळखत होते. ते घरी आले, खाली मान घालून म्हणाले, "आम्ही हौशी माणसं. बाईमाणसाबरोबर काम करायची आम्हाला सवय नाही. तुम्हीच आम्हाला सांभाळून घ्या." कौशल्याची आई हसली आणि तिथे विरोध सरला. त्या नाटकाच्या हस्तपत्रिकेवर पहिल्यांदा छापलं गेलं, कु. कौशल्या सुतार. नाटक काही फार चाललं नाही. तिला मात्र नंतर सारखी बोलावणी येत गेली, कारखान्यांच्या मंडळांची, देहूरोडची, तळेगावची.

तळेगावला गेली की ती आक्काबाईंकडे उतरायची. आक्काबाईंनी तिला कधी लेक म्हटलं नाही आणि तिनं कधी त्यांना आई म्हटलं नाही. आक्का म्हणायची, सगळ्यांसारखी. वर्षातून एकदा मार्गशीर्षात दोघी खेडला जायच्या. जाताना एस.टी.त आक्काबाई मंजुळाचं लहानपण सांगायच्या. कौशल्या ऐकायची आणि कधी कधी घाबरायची, कारण एस.टी.तून उतरली की ती नकळत एका पायावर भार देऊन उभी राहिलेली असायची.

एक गोष्ट तिनं त्यांना कधीच विचारली नाही. चाकणच्या कनातीआडून आपण "आई" म्हणालो, मंजुळा तर आक्का म्हणायची. तेव्हाच कळलं होतं का? कळलं असेल तर मग तो हात आत का आला, पुनवेचं बोलावणं का दिलं? पुरण घातलं होतं ते कुणासाठी? दर वर्षी खेडला जाताना प्रश्न ओठांवर यायचा. दर वर्षी आक्काबाई काहीतरी दुसरंच बोलायला लागायच्या, जणू तो येताना त्यांना दिसायचा.

१९५९ च्या पौषात आक्काबाई चार दिवसांच्या दुखण्यानं गेल्या. तळेगावहून निरोप घेऊन माणूस आला तेव्हा कौशल्या पिंपरीला तालमीत होती. ती तशीच निघाली. आळीतल्या बायकांनी सांगितलं, शेवटी शेवटी आक्का "मंजे" म्हणून हाका मारत होत्या. मग एका बाईनं म्हटलं, "न्हाई गं, एकदा कौशे बी म्हनाल्या." दुसरी म्हणाली, "तुला ऐकू येतंय व्हय? मंजेच म्हनाल्या." त्यावरून दोघींची जुंपली. कौशल्यानं कुणाचीच बाजू घेतली नाही. ती आत गेली आणि आक्काबाईंच्या पायाशी बसली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिंपरीला तिचा प्रयोग होता. यशवंतराव म्हणाले, पुढे ढकलू. ती नको म्हणाली. अंगाला अजून चितेच्या धुराचा वास होता. तिनं आंघोळ केली, रंग लावला आणि तिसऱ्या घंटेला विंगेत जाऊन उभी राहिली, एका पायावर भार देऊन.